पोटाला बदल सोसत नाही

पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जनावरांचा डॉक्टर पोचला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘काय खायला घातलं होतं?’’ उत्तरही ठरलेलं असतं, ‘‘काही नाही साहेब, नेहमीचंच.’’ जाणता डॉक्टर या उत्तरावर विश्वास ठेवत नाही आणि वादही घालत नाही. बैलाच्या डाव्या भकाळीवर बोटं वाजवत तो सहज विचारतो, ‘‘परवा लग्न कोणाकडे होतं?’’ मग दाराआड उभी असलेली सून हळूच सांगते, की भात फार उरला होता, टाकवेना, म्हणून दोन पाट्या बैलापुढे ओतल्या. ‘नेहमीचंच’मध्ये दडलेल्या या दोन पाट्या शोधून काढणं हे डॉक्टरचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे त्या पाट्या निस्तरणं.

पाळीव प्राण्यांच्या पोटदुखण्याचा विषय निघाला की पुण्या-मुंबईच्या वाचकाला सोफ्यावरचा लॅब्राडोर आठवतो. पेठेत पाळीव या शब्दाचा पसारा मोठा आहे. पडवीत एका कोपऱ्यात बैल, दुसऱ्या कोपऱ्यात शेळी आणि तिची करडं, टोपलीखाली कोंबड्या, उंबऱ्यावर कुत्रा, आणि नागलीच्या कणगीवर मांजर. रात्री यातल्या कुणाचं पोट बिघडलं तर वास सगळ्या घराला येतो आणि झोप सगळ्यांचीच मोडते. कोणता प्राणी लाडाचा आणि कोणता कामाचा, हा भेद इथे फारसा कुणी करत नाही. आजारपणात तर मुळीच नाही.

नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सावळघाट, कोटंबीचा घाट उतरून रस्ता पुढे धरमपूर-वलसाडकडे जातो. वस्ती बहुतांश आदिवासी : कोकणा, महादेव कोळी, वारली. पिकं भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात याच तालुक्यात हंड्यांच्या रांगा लागतात. म्हणजे जून ते सप्टेंबर हिरवं, ओलं, चिखलाचं जग आणि मार्च ते मे करपलेलं. माणसं तर दिवाळीनंतर तालुक्यातच राहत नाहीत, द्राक्षबागांत कामाला जातात. इथलं सगळं वर्षातून दोनदा उलटतं, आणि जनावराच्या पोटाला नेमकी हीच गोष्ट सोसत नाही. उपासमार ते बरेच दिवस काढतं. अचानक बदल मात्र त्याला एका रात्रीत आडवं करतो.

याचं कारण बैलाच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. गाई-बैल स्वतः गवत पचवत नाहीत. त्यांच्या कोटीपोटात, म्हणजे चार कप्प्यांमधल्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि ते गवत आंबवतात. मोठ्या जनावरात हा कप्पा शंभर लिटरच्याही वर जातो. पेंढा पचवणारे जीवाणू वेगळे, पिठूळ धान्य पचवणारे वेगळे. खाणं हळूहळू बदललं तर एका जमातीची संख्या घटते आणि दुसरीची वाढते, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. लग्नाच्या रात्री तेवढा वेळ कुठला? दोन पाट्या भात पडला की पिठूळ पदार्थांवर जगणारे जीवाणू उसळतात, लॅक्टिक आम्ल साचतं, आणि एरवी सामू सहा-सातच्या दरम्यान असणारं कोटीपोट साडेपाचच्या खाली उतरतं. मग बाकीचे जीवाणू मरतात, रवंथ थांबतो. आंबलेलं पोट अंगातलं पाणी आत ओढून घेतं, म्हणून शरीर कोरडं पडतं आणि पोट मात्र डचमळतं. बैल दात खातो, शेण राखाडी, पातळ, फेसाळ, आंबट वासाचं होतं. दुसऱ्या दिवशी तो उठत नाही. घरच्यांना वाटतं नजर लागली. एका अर्थी खरंच आहे ते, लग्नघरातल्या उरलेल्या भाताची नजर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हीच रांग, कारण वर्षभर पेंढा खाणाऱ्या बैलाला त्या दिवशी पुरणपोळ्यांचा नैवेद्य. वसुबारसेला गाईची पाळी. पेठ-सुरगाण्यात हा दिवस वाघबारस म्हणूनही पाळतात. गुराखी वाघदेवाला पुजतात आणि गुरांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात. वाघाने नेलेल्या जनावरांची गाऱ्हाणी देवाला घातली जातात. पुरणाने नेलेल्यांची मात्र कुठेच नोंद नाही. एखादी पोळी घासभर द्यावी, त्याने काही होत नाही. पण पाच घरांतून पाच सुवासिनी येतात आणि प्रत्येकीला वाटतं, आपण एकच तर घातली.

मोहाची फुलं हा त्याच रोगाचा उन्हाळी अवतार. मार्चच्या सुमाराला पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. माणसं टोपल्या घेऊन पोचायच्या आधी शेळ्या आणि गुरं पोचलेली असतात. फूल साखरेने भरलेलं, म्हणून पोटात भातासारखंच आंबतं. आंब्याच्या दिवसांत वेगळीच गंमत. बैल अख्खा आंबा तोंडात घेतो आणि कोय घशात अडकते. जनावर दिवसभरात शेकडो लिटर वायू ढेकरांवाटे बाहेर टाकत असतं. कोयीने वाट बंद केली की तासाभरात डावी भकाळी ढोलासारखी ताठ होते.

पोटफुगीचा तो प्रसंग एकदा जवळून बघितला की विसरत नाही. बैल मान लांब करून उभा, जीभ बाहेर, डोळे तांबारलेले. घरातला म्हातारा बांबूच्या नळकांड्यातून गोडं तेल पाजायच्या बेतात होता. फेस धरलेल्या पोटफुगीवर तेल हा खरा उपाय आहे, कारण तेलाने फेस फुटतो. पण गुदमरलेल्या जनावराचं तोंड वर करून ओतलं तर तेच तेल फुफ्फुसात जातं, आणि पोटफुगीतून वाचलेला बैल आठवड्याने न्यूमोनियाने जातो. डॉक्टरने म्हाताऱ्याचा हात धरला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, डाव्या बाजूला, त्याने त्रोकार खुपसला. दाभणासारखं हत्यार, त्याच्यावर नळी. दाभण काढून घेतलं, नळी आत राहिली आणि तिच्यातून फुस्कारा बाहेर पडला. वास असा, की बघायला जमलेली पोरं दहा पावलं मागे सरली. डॉक्टर मात्र नळीवर अंगठा ठेवून वायू थोडा थोडा सोडत होता. सगळा एकदम सोडला तर जनावर कोसळतं. म्हणजे वाचवतानाही बदल बेताबेतानेच करावा लागतो.

मिरगाचा पाऊस पडून पंधरवडा झाला की हगवणीचा मोसम सुरू होतो. उन्हाळाभर वाळलेला पेंढा चघळलेली गुरं कोवळ्या गवतावर तुटून पडतात. त्या गवतात पाणीच फार, चोथा नावापुरता. शेण पळीवाढं होतं, शेपटी आणि मांड्या बरबटतात. जुने गुराखी या दिवसांत गुरं सोडण्याआधी पेंढ्याची एक पेंढी पुढे टाकतात. त्यांना जीवाणूंचं शास्त्र ठाऊक नसेल, पण भुकेलं जनावर हिरव्यावर सोडायचं नाही हे पक्कं ठाऊक असतं. आता गुराखी मिळत नाही आणि पोरं शाळेत, त्यामुळे सकाळी दावं सोडलं की गुरं आपली आपण सुटतात. याच दिवसांत भाताच्या खाचरांतल्या गोगलगाई कामाला लागतात. त्यांच्या अंगात वाढलेली यकृतातल्या चपट्या कृमींची पिल्लं पाणवठ्याच्या गवताला चिकटतात आणि गवताबरोबर पोटात जातात. मग महिनोन्‌महिने बारीक हगवण चालते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि खायला कितीही घाला, बैलाच्या अंगाला लागत नाही. डांगी बैल म्हणजे या डोंगरांचा राजा. त्याच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, म्हणून मुसळधार पावसात इतर जातींचे बैल हार मानतात तिथे तो औताला उभा राहतो. बाहेरच्या पावसाचा बंदोबस्त त्याच्या कातडीने केलाय. आतल्या कृमींचा बंदोबस्त मात्र जंतनाशकच करतं.

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘बुळकांडी’ हा शब्द येतो आणि तो आला की आवाज खाली जातो. गुरांच्या आतड्याचा हा रोग गोठेच्या गोठे रिकामे करायचा. भारतात पशुरोगांवरचं संघटित संशोधनच मुळात या बुळकांडीच्या धास्तीने सुरू झालं, आणि तेही आपल्या पुण्यात, १८८९ साली. ती प्रयोगशाळा पुढे कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. माणसांतली देवी आणि गुरांतली बुळकांडी, एवढे दोनच रोग आजवर पृथ्वीवरून पुसले गेलेत. शेळ्यांची पीपीआर ही तिची चुलत बहीण अजून आहे, पण तिला लस आहे. पावसाआधी आंत्रविषाराची लस टोचली तर कोवळ्या गवतावर ताव मारून एका रात्रीत मरणारी करडंही वाचतात. ती कुठली करडं मरतात? कळपातली सर्वांत धष्टपुष्ट, सर्वांत जास्त खाणारी. मालकाचा विश्वास बसत नाही, कारण काल संध्याकाळी तेच सगळ्यांत उड्या मारत होतं.

आता उंबऱ्यावरच्या कुत्र्याकडे येऊ.

पेठेतला कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या नागलीची भाकरी, भाताची पेज आणि माशाची डोकी यांवर जगला. शहरात अलीकडे असं सांगतात, की कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला कच्चं मांस द्या. लांडग्याशी त्याचं नातं खरं, पण मध्ये काही हजार वर्षं माणसाच्या चुलीजवळ गेली आहेत. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. भाकरी पचवण्याची सोय त्याच्या रक्तात झालेली आहे. नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे बोनस. फक्त भाकरीवर ठेवलेल्या कुत्र्याला प्रथिनं कमी पडतात, हेही तेवढंच खरं. पण भाकरीने त्याचं पोट बिघडत नाही.

बिघडतं ते मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांमुळे. वाटीभर दूध, चहात बुडवलेली बिस्किटं, पोरांच्या हातातलं चॉकलेट. मोठ्या झालेल्या कुत्र्याच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज फारसं उरत नाही. दूध पोटात जसंच्या तसं पुढे सरकतं आणि पहाटे अंगणात त्याचा पुरावा मिळतो. मांजराचंही तेच. मांजराने दूध प्यावं हे आपल्या गोष्टींनी ठरवलं, मांजराने नव्हे. ते पक्कं मांसाहारी आहे. कणगीभोवतीचे उंदीर हा त्याचा खरा आहार, आणि उंदरांना घातलेलं विष खाल्लेला उंदीर हा त्याचा खरा धोका. पोट दुखतंय असं वाटून त्याला माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी देऊ नये. मांजराला एक गोळीही मारू शकते.

पोट बिघडलेल्या कुत्र्याचं काय करावं, हे पेठेतल्या आजीला शहरातल्या कुत्रेवाल्यांपेक्षा चांगलं समजतं. ती त्याला दिवसभर काही घालत नाही, पाणी मात्र पुढे ठेवते. संध्याकाळी तांदळाची पातळ पेज, मीठ अगदी बेताचं. उद्या मऊ भात आणि थोडं ताक. परवा भाकरीचा तुकडा. मोठ्या कुत्र्याला हा क्रम बरोबर आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नसतं. त्याच्या अंगात साठा नसतो, ते काही तासांत ढेपाळतं. आणि पिल्लाला उलटीबरोबर रक्ताची, दुर्गंधी हगवण लागली तर तो खाण्याचा दोष नाही, तो पार्वो. १९७८च्या सुमारास हा विषाणू जगात आला आणि वर्षा-दोन वर्षांत सगळीकडे पसरला. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. एका घराच्या पिल्लांची अख्खी वीण गेली, पुढच्या वर्षी त्याच अंगणात नवं पिल्लू आणलं, तेही गेलं, असं गावोगाव ऐकू येतं. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि मग पुढचे डोस, एवढाच त्यावर इलाज. पण पाड्यावर कुत्र्याला लस म्हणजे लोकांना अजून फक्त पिसाळण्याची लस वाटते.

कुत्र्याची गोष्ट इथेच संपली असती, पण दिवाळी उलटली की भात झोडून, नागली खुडून पेठेची माणसं दिंडोरी-निफाडकडे निघतात. गोडी छाटणीपासून द्राक्षबागेला हात लागतात. विरळणी, घड बुडवणं, मग जानेवारीपासून काढणी. बागेच्या कडेला झोपड्या पडतात आणि बिऱ्हाडाबरोबर कुत्राही येतो. इथे त्याच्यासमोर नाशिक जिल्ह्याची कीर्ती पसरलेली असते : द्राक्षं आणि कांदा. आणि नेमकी ही दोन्ही पिकं कुत्र्याच्या मुळावर आहेत.

कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या किलोमागे पंधरा-वीस ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसू लागतो. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरतात. शिजवल्यानेही विष जात नाही. रश्शातला रोजचा थोडा थोडा कांदा साठत जातो. कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. मांजराला तर याच्या एक-तृतीयांश कांदाही बाधतो.

द्राक्षांचं कोडं जास्त विचित्र. द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात हे २००१ च्या सुमारास पशुवैद्यकांनी नोंदवलं, पण कारण सापडेना. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत, दुसरा चार मण्यांनी आडवा. वीस वर्षांनी अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की घरी बनवलेला खेळण्याचा पिठाचा गोळा खाल्लेल्या कुत्र्यांनाही तेच झालं, आणि त्या पिठात क्रीम ऑफ टार्टर होतं. संशय टार्टरिक आम्लावर गेला. २०२१ मध्ये त्यांनी तसं प्रसिद्ध केलं. वाण, पिकण्याची अवस्था आणि हवामान यांप्रमाणे द्राक्षातलं हे आम्ल कमीजास्त होतं, म्हणून मण्यांचा हिशेब कधीच जुळला नव्हता. पुढे चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांचीही भर पडली, कारण चिंचेतही हेच आम्ल भरपूर. सुरुवात उलटीने होते, मग हगवण, आणि दोन दिवसांनी लघवी बंद. उलटी बघून माणूस म्हणतो, खाल्लं असेल काहीतरी सडकं. त्या दोन दिवसांतच सलाइन लावलं तर कुत्रा वाचू शकतो.

बागेत आणखीही काही असतं. डोळे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्या दिवसांत बायकांच्या हातांची सालं निघतात आणि डब्याच्या आसपास फिरणाऱ्या कुत्र्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. ज्यांच्या हातांना मोजे मिळत नाहीत त्यांना कुत्र्याची काळजी घ्या म्हणून सांगणं मला जड जातं. तरी लिहितो, कारण गळालेले मणी बागेच्या कडेला ढिगाने टाकतात आणि तो ढीग झोपडीपासून चार पावलांवर असतो.

घाटाखाली राहिलेल्या कुत्र्यांचं हिवाळ्यात खरं तर बरंच चालतं. घरात म्हातारा-म्हातारीच, रोज एकच पेज, एकच भाकरी. हाडं दिसतात, पण पोट जागेवर.

डॉक्टर वेळेवर मिळणं हा वेगळाच प्रश्न. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक यावं अशी सोय सरकारने केली आहे, आणि जिथे मोबाइलला रेंज आहे तिथे लोक फोन करतातही. रेंज टेकडीवर मिळते. टेकडी चढून फोन करून खाली येईपर्यंत बैल कसा आहे ते माहीत नसतं. म्हणून वाड्या-वस्त्यांवर खाण्याचा सोडा, गोडं तेल आणि जंताची गोळी एवढं घरात ठेवा, असं डॉक्टर सांगत फिरतात. गोळीचा उपदेश सर्वांत कमी पाळला जातो.

आणि तीच शिमग्याला सर्वांत जास्त लागते. शिमग्याला बागेतली माणसं गावी परततात, कोंबडी-बकरी कापली जाते, आणि आतडी, फुफ्फुसं, काळीज असं जे नको असेल ते कुत्र्यापुढे फेकलं जातं. त्या अवयवांत पाण्याच्या पुळ्या असतात, त्यांच्यात एका चिमुकल्या फितकृमीची पिल्लं. कुत्र्याला त्याने काही होत नाही. त्याच्या विष्ठेतून अंडी अंगणात, अंगणातून पोरांच्या हातात, हातातून तोंडात, आणि वर्षांनी एखाद्याच्या यकृतात नारळाएवढी गाठ. म्हणून अवयव पुरावेत किंवा शिजवून घालावेत, आणि कुत्र्याला तीन-तीन महिन्यांनी गोळी द्यावी.

ती देणं सोपं नसतं. पेठेच्या बाजारात सुका बोंबील नेहमी मिळतो. एका घरी आजीने गोळीचे चार तुकडे केले, बोंबलाच्या पोटात खोचले आणि कुत्र्यापुढे धरला. त्याने डोळे मिटून तो चघळला, शेपटी हलवली, आणि मग एकेक करून चारही तुकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर स्वच्छ काढून ठेवले. आजीने ते उचलले, नातवाला हाक मारली आणि दुसरा बोंबील आणायला पाठवलं.